बुडालेल्यांचे चेहरे

शिक्रापूरहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याला जिथं ट्रक थांबतात, तिथं एका पत्र्याच्या शेडमध्ये शंभू कोळपे बसतो. ट्रकांच्या मागच्या फाळक्यांवर मोर, कमळं आणि मालकाच्या मुलांची नावं रंगवतो. पूर्वी तो शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. ट्रक मात्र अजून हातानंच रंगवावे लागतात, म्हणून त्याचं चाललं आहे. वय बेचाळीस. डाव्या कानामागे पेन्सिल, उजव्या हाताच्या नखांत कायम निळा रंग.

नदीकाठच्या गावांत त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगतात. कोणी म्हणतं, त्यानं आठ जीव बुडवले. कोणी म्हणतं, तो देवमाणूस आहे. मी त्याला १९९३ पासून ओळखते आणि माझ्या वह्यांत त्याच्याविषयी जे लिहून ठेवलं आहे त्यावरून सांगते, यातलं काहीच खरं नाही. जे झालं ते असं.

शंभू धनगराचा. वडगाव रासाई आणि मांडवगण फराटा यांच्यामध्ये भीमेच्या काठावर कोळपेवस्ती आहे, तिथला. आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरत. वडिलांनी मेंढरं विकून दीड एकर जमीन धरली. शंभू सातवीपर्यंत शिकला आणि शिरूरच्या एका पेंटरच्या हाताखाली अक्षरं काढायला शिकला. निवडणुकीच्या भिंती, शाळांवरचे सुविचार, गाड्यांचे नंबर आणि एसटी स्टँडवर लागणारे दशक्रियेचे काळे फलक. त्या फलकांबाबत त्याची एक सवय होती. ‘कै.’ लिहून पुढं नाव लिहिण्याआधी तो घरच्यांना विचारायचा, "यांना घरात काय म्हणायचे?" ते नाव तो फलकावर लिहीत नसे. पण विचारल्याशिवाय ब्रश उचलत नसे.

माझे यजमान रेल्वेत गार्ड होते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. दौंडला रेल्वेच्या नोकरीमुळे आमची बरीच घरं होती. एकेक करून लोक इस्राएलला गेले, मुंबईला गेले, आणि शेवटी बोटांवर मोजण्याइतके उरलो. फेब्रुवारी १९९३ मध्ये हे गेले. त्याच्या आठवडाभर आधी त्यांनी फाटकावरच्या पाटीचं काम शंभूला दिलं होतं. त्याला काही कळलेलं नव्हतं. दफनानंतर तिसऱ्या दिवशी तो रंगवलेली पाटी घेऊन आला. दार उघडं होतं, आत पाच-सहा माणसं जमिनीवर बसलेली, आरशावर चादर टाकलेली, आणि कोणी ‘ये’ म्हणेना, ‘काय पाहिजे’ म्हणेना. तो चप्पल काढून पाटी मांडीवर पालथी ठेवून भिंतीला टेकून बसला. दीड तास तसाच बसला.

शेवटी मीच म्हणाले, "शंभू, पाटी दाखव."

त्यानं दाखवली. ह्यांचं नाव सुरेख काढलं होतं, खाली बारीक पांढरी रेघ.

"बाई, मला वाटलं हितं बोलायची बंदी हाय," तो म्हणाला.

"बंदीच आहे. मी बोलेपर्यंत."

मी शाळेत शिकवत असे, म्हणून सगळं दौंड मला बाई म्हणतं. पुढच्या चार दिवसांत तो रोज येऊन बसला आणि मी त्याला आमची रीत सांगितली. सात दिवस घरच्यांनी खाली बसायचं. चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी आणलेलं खायचं. पहिल्या जेवणात उकडलेली अंडी आणि मसूर. "आमच्यातबी कडू घास आणत्यात," तो म्हणाला. येणाऱ्यानं आधी बोलायचं नाही, हे मात्र त्याला नवीन होतं. त्यांच्या वस्तीवर बायका वेशीपासून हंबरडा फोडत येतात आणि गळ्यात पडून आधी विचारतात, कसं झालं, कवा झालं, शेवटचं काय बोलली. दहा जणांना दहादा सांगावं लागतं. "सांगून सांगून मानूस दगड हुतो बाई. ही तुमची रीत बरी हाय."

माझा पदर पाहून तो म्हणाला, "फाटलाय."

"फाडलाय," मी म्हणाले. तेही आमच्यात आहे.

सहाव्या दिवशी संध्याकाळी कदिश म्हणायचा होता. मृतासाठीची ती प्रार्थना एकट्यानं म्हणता येत नाही, दहा पुरुष लागतात. दौंडचे चार आणि पुण्याहून गाडीनं आलेले पाच, नऊच झाले. दहावा येणारा होता त्याची गाडी पाटसजवळ अडकली.

"मी बसतो की," शंभू म्हणाला.

"तू चालत नाहीस रे."

"धनगर चालत न्हाई?"

"ज्यू लागतो."

"मानूस बसाय लागतोय का मोजाय लागतोय?" त्यानं विचारलं. पुण्याचे एक वयस्कर गृहस्थ हसले, आणि मग त्यांना एकदम रडू फुटलं. त्या दिवशी कदिश झाला नाही.

वर्षानं कबरीवर दगड बसवला, त्यावरची हिब्रू अक्षरं शंभूनंच रंगवली. उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी त्यानं कागदावर पन्नास वेळा गिरवली होती. एकही चूक नाही.

कोळपेवस्तीवरून नदीपलीकडे, दौंड तालुक्याच्या बाजूला, बायका खुरपायला जात. पुलानं जायचं तर मोठा फेरा पडे, म्हणून होडी. होडीचा ठेका जयसिंग नावाच्या माणसाकडे होता. होडी चालवायचा दगडोबा, जातीनं कोळी, वस्तीच्या टोकाला राहणारा. होडीच्या बाजूवर जुन्या अक्षरांत ‘१२ माणसे’ लिहिलेलं होतं आणि दगडोबा तेरावं माणूस घेत नसे. बायका त्याला शिव्या घालत, कारण मागं राहिलेलीचा रोज बुडे.

मे १९९६ मध्ये जयसिंगनं होडीला निळा रंग द्यायला शंभूला बोलावलं.

"बारा खोड. वीस टाक."

"आप्पा, होडी तीच हाय न्हवं?"

"रंग नवा हाय ना? मग."

शंभूनं वीस टाकलं. दोन्ही बाजूंना, पिवळ्या रंगात, काळी सावली देऊन. मला तो नंतर म्हणाला, "आकडा एवढा झ्याक आला हुता बाई, मी लांब जाऊन बघितला."

२७ ऑगस्टला धरणातून पाणी सोडलेलं होतं आणि नदी दोन्ही काठांना लागली होती. सकाळी बायका होडीत बसल्या. दगडोबा बारावर थांबला. बायकांनी त्याला त्या अंकाकडं बोट करून दाखवलं. "वीस ल्हिलंय की रं मुडद्या, आमी काय आंधळ्या हाय?" त्यानं स्वतःला धरून एकोणीस मोजले आणि होडी सोडली. मध्यावर धार लागली, होडी एका अंगाला कलली आणि सगळ्या दुसऱ्या अंगाला सरकल्या. अकरा जण वाचले. आठ जणी गेल्या. त्यात शंभूची बायको साधना होती, सव्वीस वर्षांची. आणि दगडोबाची मुलगी पूनम होती, सतरा वर्षांची, जिचं मार्गशीर्षात लग्न ठरलं होतं. होडी वाहून गेली ती सापडलीच नाही.

दगडोबा पोहून वाचला. त्यानं तीन बायका काठाला आणल्या. त्याची मुलगी त्यात नव्हती. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला नेलं. जास्त माणसं बसवली, हा गुन्हा. होडीवर वीस लिहिलं होतं असं तो सांगत होता. जयसिंग म्हणाला, बारा होतं, सगळ्या गावाला माहीत आहे. वाचलेल्या बायका आधी वीस म्हणाल्या, मग त्यांच्या घरी कोणी जाऊन आलं, आणि मग त्यांना आठवेना. पुढं कोर्टानं जामीन दिला, पण जामिनाला उभं राहायला सातबाऱ्याचा माणूस लागतो. कोणी उभं राहिलं नाही.

दशक्रिया सातजणींची एकत्र झाली, नदीवरच. पूनमचा विधी तिच्या चुलत्यानं लांब खालच्या अंगाला उरकला. पुढाऱ्यांची भाषणं झाली. एकानं श्रद्धांजली वाहताना भलत्याच गावाचं नाव घेतलं, कोणी दुरुस्त केलं नाही. व्यासपीठामागं सातजणींचे फोटो लावायचे ठरलं होतं, तेव्हा कळलं की पाचजणींचा एकही फोटो नाही. मतदारांच्या ओळखपत्रांसाठी फोटोवाला आला होता त्या दिवशी त्या खुरपायला गेल्या होत्या. शेवटी मागं नुसतं कापड लावलं.

त्यानंतर शंभूनं चित्रं काढायला घेतली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी एका घरी जायचं, जुन्या कॅलेंडरचे मागचे कोरे कागद आणि पेन्सिल घेऊन खाली बसायचं आणि गप्प राहायचं. घरचं कोणी बोललं तरच बोलायचं. लोकांना वाटलं, बायको गेली म्हणून याचं डोकं फिरलं.

साळूबाईची सून गेली होती. साळूबाई म्हणजे वस्तीवरची सगळ्यांत तिखट म्हातारी. दोन दिवस तिनं त्याला बसू दिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काय रं, माझ्या वट्यावर मुळं फुटली काय तुला?"

"मामी, तिचं नाक कसं हुतं?"

"कसं म्हंजी? नाकासारखं."

"बसकं हुतं," तिचा मुलगा आतून म्हणाला.

"बसकं तुझ्या बापाचं! सरळ हुतं पोरीचं."

"आये, बसकं हुतं. मी नवरा हाय का तू?"

"तू कवा बघितलंस तिच्याकडं? ताटाकडं बघत हुतास."

मी त्या दिवशी तिथं होते, हे मी ऐकलं. मुलगा बाहेर आला, आणि दोघं मायलेक त्या कागदावर वाकून भांडू लागले. कपाळावर तीन ठिपक्यांचं गोंदण, डाव्या भुवईला लहानपणची खोक, हसताना ती तोंडावर पदर धरी त्यामुळे दात कसे होते हे कोणालाच सांगता येईना. शेजारच्या बायका आल्या. दात पुढं होते का नव्हते यावर बराच वेळ वाद झाला, कोणीतरी हसलं, आणि हसल्याचं लक्षात आल्यावर सगळ्या एकदम रडल्या. त्या घरात दहा दिवस कोणी नीट रडलं नव्हतं, नुसते प्रश्नांना जबाब दिले होते.

कागदावर जमलं की तो पत्र्याच्या तुकड्यावर ऑइलपेंटनं चेहरा उतरवी. ती काही मोठी कला नव्हती. मानेची जागा चुकलेली, कान कधी मोठे. पण साळूबाईनं ते चित्र हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि नुसतं म्हणाली, "व्हय. हीच." एका घराचं पाहून दुसऱ्या घरचे बोलवायला आले. लोक एकमेकांच्या घरी चेहरे सांगायला जाऊ लागले. साधनाचं चित्र मात्र त्यानं लग्नाच्या फोटोवरून एका दुपारी उरकलं. "तिच्याकडं बघाय हुईना," म्हणाला. मला वाटलं, दुःख. मी वहीत तेच लिहिलं, आणि आमच्या रीतीनं एका वस्तीला सावरलं याचा थोडा अभिमानही लिहिला. ते पान आता वाचवत नाही.

२३ सप्टेंबरला आमचा दरफाळणीचा सण होता, योम किप्पूर. त्या दिवशी उपास करून, पांढरं नेसून, दार लावून घरात राहायचं ही आमची जुनी पद्धत. कोणाला भेटायचं नाही. दुपारी तीनच्या सुमारास दार वाजलं.

"बाई, शंभू हाय."

मी उठले नाही.

"बाई, एक सांगायचं हुतं."

पुन्हा वाजलं. मग सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज आला. संध्याकाळी तारे दिसल्यावर मी दार उघडलं तेव्हा ओट्यावर कोणी नव्हतं. उद्या येईल, असं मला वाटलं. तो आठ दिवसांनी आला. तेवढ्यात दगडोबाला येरवड्याला नेलं होतं.

१ ऑक्टोबर, मंगळवार. तो ओट्यावर बसला आणि गप्प राहिला. मीही आमच्या रीतीनं गप्प राहिले, कारण त्याची बायको गेली होती आणि आधी बोलायचा मान त्याचा होता. अर्ध्या तासानं म्हणाला, "वीस मी ल्हिलंय बाई."

मग सगळं सांगितलं. जयसिंग कसा म्हणाला, पिवळा रंग, काळी सावली. दगडोबा खरं बोलतोय हे जयसिंगनंतर सगळ्यांत पक्कं त्यालाच ठाऊक होतं. सहा घरी तो बसला, तेव्हा प्रत्येक घरात कधी ना कधी दगडोबाला शिव्या दिल्या गेल्या, आणि तो कागदाकडे पाहत राहिला.

"तुमची रीत लई सोयीची पडली," तो म्हणाला. "गप बसायचं. कुनी इचारत न्हाई. चित्र काढलं की लोकं पाया पडत्यात."

त्याला लपायला जागा मीच दाखवली होती.

"त्या दिवशी तुमचा उपास हुता म्हनं. पाप धुवायचा. त्यात मला बसवलं आस्तं तर?"

"बसवलं असतं तरी उपयोग नव्हता. देवाचं आणि आपलं असेल तेवढंच त्या उपासानं फिटतं. माणसाचं केलेलं असेल तर त्या माणसाच्या दारात जावं लागतं."

"सात दारं हायती बाई."

"मग सात."

"मारतील."

"मारतील," मी म्हणाले. नाही म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता.

तो आधी दगडोबाच्या घरी गेला. धैर्य म्हणून नव्हे. तिथं मारायला पुरुष नव्हता, हे त्यानंच मला सांगितलं. दगडोबाची बायको बानूबाई एकटी होती. पोरगी गेली त्या दिवसापासून तिच्या उंबऱ्याला वस्तीतलं कोणी शिवलं नव्हतं. कडू घासही कोणी नेला नव्हता. शंभू भाकरी आणि पिठलं घेऊन गेला, दारात ठेवलं आणि ओट्याखाली मातीत बसला. ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भाकरी कुत्र्यानं खाल्लेली. पाच दिवस तो गेला, पाचही दिवस ती आत पाठ करून बसलेली. आधी तिनं बोलायचं, मग त्यानं, असं त्यानं मनाशी धरलं होतं. सहाव्या दिवशी त्याला कळलं, ही बोलणार नाही आणि आपण ह्याचीच वाट पाहतोय. मग त्यानं ती रीत मोडली.

"वहिनी, दगडूदादा खोटं बोलत न्हाई. वीस मी ल्हिलं हुतं."

ती वळली. मग एवढंच म्हणाली, "माझ्या पोरीचं चित्र तू काढायचं न्हाई."

रविवारी बिरोबाच्या देवळासमोर त्यानं बाकीच्यांना सांगितलं. आनंदरावची आई गेली होती. तो आला आणि त्यानं चप्पल काढून शंभूच्या तोंडावर मारली, तीन वेळा. कोणी धरलं नाही. मग साळूबाई पुढं झाली.

"माझ्या घरी सात दिस भाकरी खाल्लीस. तवा घशात वीस अडकला हुता का रं?"

"व्हय मामी."

"आन् तुझी बायकूबी त्याच होडीत घातलीस."

त्या संध्याकाळी आनंदरावनं आईचं चित्र शंभूच्या दारात आणून टाकलं आणि वर पाय दिला. आणखी दोन घरांनी चित्रं परत केली. तीन घरांनी ठेवली. का ठेवली हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शंभू शिरूरला पोलीस ठाण्यात गेला. हवालदार म्हणाला, "पेंटरचा काय संबंध? उद्या रंगाचा डबा आरोपी करू का?" चार खेपा घातल्यावर जबाब घेतला. त्या जबाबानं जयसिंगचं फार बिघडलं नाही. खटला चालू राहिला, तारखा पडत राहिल्या, अजून पडतात. पण शंभूनं स्वतःचा सातबारा लावून दगडोबाला जामीन दिला आणि नोव्हेंबरात दगडोबा घरी आला.

त्याआधी एक झालं. देवळासमोरच्या त्या दिवसानंतर साळूबाई टोपलीत भाकऱ्या घेऊन बानूबाईकडे गेली. जाताना बायकांना म्हणाली, "तिच्या मानसाला फुकट शिव्या घातल्या आपन. आपलाच पेंटर हुता." तिच्या मागं दोघी-तिघी गेल्या. त्या बानूबाईच्या ओट्यावर बसल्या आणि गप्प राहिल्या. ही बसायची तऱ्हा त्यांनी शंभूकडून उचलली होती, ज्याच्याशी आता त्या बोलत नव्हत्या. बानूबाई त्या दिवशी बोलली, आणि मग दिवेलागणीपर्यंत बोलतच राहिली. बायकांनी पुढं सातही घरी तसं बसायचं ठेवलं. आठव्या घरी नाही. शंभूच्या घरी साधनासाठी बसायला कोणी आलं नाही. मी दोनदा गेले. साधनाचं चित्र त्यानं भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं.

एप्रिल १९९७ मधल्या एका रविवारी मी वस्तीवर गेले होते. शंभू मागल्या दारी डबे धूत होता. दगडोबा आला. तुरुंगातून आल्यापासून तो त्याच्याकडे फिरकला नव्हता. अंगणात उभाच राहिला.

"बस दादा," शंभू म्हणाला.

"बसाय आलो न्हाई." मग तो म्हणाला, "तू जामीन दिलास ते दिलास. माफी-बिफी मला कळत न्हाई. पोरीचं तोंड इसराय लागलोय. जेलात रोज दिसायची. घरी आलो तशी दिसंना. काढ."

"वहिनी नको म्हनल्यात."

"ती नको म्हनली. मी म्हनतो काढ."

शंभूनं कागद घेतला. दगडोबा सांगू लागला, आणि त्याला सांगता येईना. रंग सावळा, केस लांब, बस. हे कोणाही मुलीचं झालं. शंभूनं विचारलं, हनुवटी कशी? दगडोबानं स्वतःच्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाला, "अशीच आसंल." शंभूनं काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. कागदावर एक मुलगी आली, पण ती कोणाचीच नव्हती.

तेवढ्यात मला कुंपणापलीकडे बानूबाई दिसली. नवऱ्याच्या मागं आली असावी. पाठ आमच्याकडे करून उभी होती आणि बाभळीला हात लावला होता. दगडोबानं कागद उचलून तिच्याकडे धरला. तिनं मान वळवून पाहिलं.

"डोळं एवढं मोठं न्हवतं," ती दगडोबाला म्हणाली. "सांग त्याला."

शंभू तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावरच बसलेला होता. त्यानं ते ऐकलं होतं. तरी दगडोबानं वळून सांगितलं, "डोळं एवढं मोठं न्हवतं." शंभूनं डोळे लहान केले.

"आन् सांग, एक पापणी खाली असायची. डावी."

"डावी पापणी खाली."

"रडायच्या आधी व्हट आत घ्यायची. तसा न्हाई. खालचा. सांग की त्याला, खालचा."

असं दुपारभर चाललं. मधेच दगडोबाचा आवाज बसे तेव्हा ती त्याच्यासाठी थांबे, आणि त्याला बोलता आलं की पुढचं सांगे. तिनं कुंपण ओलांडलं नाही. शंभूनं एकदाही वर पाहिलं नाही. त्यानं पत्रा काढला, पांढरा हात दिला, उन्हात वाळवला आणि चार वाजता रंग लावायला घेतला. अंधार पडायच्या आत चेहरा झाला. मी पूनमला कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे जमलं की नाही ते मला सांगता येणार नाही. दगडोबा त्या पत्र्याकडे पाहून घराच्या भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला.

मग बानूबाई कुंपणाच्या आत आली. पत्रा उचलला.

"वला हाय," शंभू म्हणाला. "उद्या न्या."

तिनं ऐकलं नाही. दोन्ही हातांनी कडा धरून, चेहरा स्वतःकडे करून, ती तो ओला पत्रा वस्तीच्या टोकापर्यंत घेऊन गेली. दगडोबा मागून गेला. शंभू ब्रश टर्पेंटाइनमध्ये घालून बसला होता.

ते चित्र त्यांच्या घरात आहे, मी पाहिलं आहे. उजव्या बाजूला केसांत बोटाचा ठसा उमटलेला आहे. वर्षभरानं शंभू शिक्रापूरला राहायला गेला. साळूबाई कधी त्या बाजूला गेली तर त्याच्या शेडपाशी थांबते, शिव्या देते, चहा पिते. दगडोबा कोर्टाच्या तारखेला त्याच्या शेजारी बसतो. बानूबाई त्याच्याशी आजपर्यंत एक शब्द बोललेली नाही.